घाटाखालचा मीटर, घाटावरची यंत्रे : खानापूर तालुक्यातील एक प्रकरण

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात, जून ते सप्टेंबर एवढा पाऊस पडतो की गावे तालुक्याच्या गावापासून कधी तासभर, तर कधी दोन-दोन दिवस तुटतात. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या वयस्कर बायका, विडी ओढणारे पुरुष आणि न्यूमोनिया झालेली लहान मुले यांची दवाखान्यातील गर्दी याच दिवसांत वाढते. ज्या धर्मादाय रुग्णालयातील हे प्रकरण आहे, तेथे ऑक्सिजनची भिस्त बेळगावहून येणाऱ्या सिलिंडरवर होती. मिनिटाला पाच लिटर या वेगाने ऑक्सिजन द्यायचा झाला, तर सुमारे ७ घनमीटरचा मोठा सिलिंडर जेमतेम तेवीस तास पुरतो आणि दीड घनमीटरचा छोटा पाच तासांत संपतो. रस्ता बंद पडला की हा हिशेब डॉक्टरांच्या डोक्यावर बसतो.

या रुग्णालयाच्या कोठारात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची, म्हणजे साध्या हवेतून रुग्णासाठी ऑक्सिजन वेगळा मिळवून देणारी, तेरा यंत्रे पडून होती. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत देणगी म्हणून ती वेगवेगळ्या मार्गांनी आली होती. लाट ओसरल्यावर त्यांतली चार-दोन अधूनमधून वापरात राहिली आणि बाकीची जांभ्याच्या भिंतींच्या, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या खोलीत प्लास्टिकखाली झाकून ठेवली गेली. पावसाळ्याच्या तोंडावर विश्वस्तांनी ती तपासून घेण्याचे ठरवले. गोव्याहून एक तंत्रज्ञ अनमोड घाट चढून आला, त्याने हातातल्या ॲनालायझरने प्रत्येक यंत्रातून येणाऱ्या हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण मोजले आणि अहवाल दिला : आठ यंत्रे ८५ ते ८८ टक्के, पाच यंत्रे त्याहून बरीच खाली. या प्रकारच्या यंत्रांच्या माहितीपत्रकात ९३ टक्के, तीन इकडे किंवा तीन तिकडे, असे प्रमाण लिहिलेले असते; म्हणजे ९० च्या खालचे यंत्र नापास. त्या हिशेबाने तेराच्या तेरा यंत्रे बाद ठरली. अहवालासोबत नव्या यंत्रांचे कोटेशनही होते.

येथे एक गोष्ट आधीच नोंदवणे योग्य होईल. तंत्रज्ञाने कामचुकारपणा केला किंवा कोटेशनसाठी आकडे खाली आणले, असे मानायला कोणताही आधार नाही. त्याने मीटरवर दिसलेले आकडे प्रामाणिकपणे लिहिले. हे प्रकरण अभ्यासण्याजोगे ठरते ते त्यामुळेच, कारण त्यात लबाडी नाही, निष्काळजीपणाही फारसा नाही, आणि तरीही निष्कर्ष चुकीचा आहे.

विश्वस्तांना यंत्रे भंगारात काढण्यासाठी एका तांत्रिक अभिप्रायाची गरज होती. त्यासाठी बेळगावात राहणाऱ्या आणि परिसरातील लहान रुग्णालयांची यंत्रसामग्री करारावर सांभाळणाऱ्या एका बायोमेडिकल इंजिनिअरना बोलावण्यात आले. त्या मूळच्या नंदगडच्या, शिक्षण बेळगावात झालेले. त्यांच्याकडून अपेक्षा सहीची होती. त्यांनी सही केली नाही आणि यंत्र उघडण्याचा पेचकसही लगेच बाहेर काढला नाही. ही यंत्रे शेवटची कोणी वापरली, एवढेच त्यांनी आधी विचारले.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना हे कौशल्य वाटतच नाही. परंतु यंत्र बिघडले, म्हणजे यंत्रातच बिघाड आहे, असे पुष्कळदा नसते. बिघाड विजेत असतो, जोडणीत असतो, वापरण्याच्या पद्धतीत असतो किंवा मोजणाऱ्या उपकरणात असतो. कुठे शोधायचे हे ठरवण्याआधी यंत्राशेजारी रात्रपाळी काढलेल्या माणसाचे ऐकून घ्यावे लागते. वॉर्डातील ज्येष्ठ सिस्टरनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, थंडीच्या दिवसांत त्यांनी यांतली यंत्रे दम्याच्या रुग्णांना लावली होती आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा नीट चढत होता. दुसरी गोष्ट त्यांनी जवळजवळ तक्रारीच्या सुरात सांगितली : “मॅडम, आठ मशीनवर हिरवा दिवा लागतोय की हो, मग बाद कशी झाली?”

हा प्रश्न समजण्यासाठी यंत्राचे काम थोडक्यात पाहिले पाहिजे. कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन तयार करत नाही, तो हवेतला नायट्रोजन वेगळा काढतो. कॉम्प्रेसर हवा दाबाखाली झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या नळकांड्यांत ढकलतो. झिओलाइट दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवते आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देते. दाब सोडला की धरलेला नायट्रोजन बाहेर पडतो. अशी दोन नळकांडी काही सेकंदांच्या अंतराने आळीपाळीने काम करतात, आणि यंत्रातून ठरावीक लयीत येणारा फुसकारा तो हाच. मात्र हवेत एक टक्क्याच्या आसपास असलेला अरगॉन वायू झिओलाइटला वेगळा काढता येत नाही. त्यामुळे असे यंत्र कितीही उत्तम चालले, तरी ऑक्सिजनचे प्रमाण साधारण ९५.५ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. हा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

यंत्राच्या आत त्याचा स्वतःचा संवेदक असतो आणि दिव्याचा रंग तो ठरवतो. ऑक्सिजन ८२ टक्क्यांच्या खाली गेल्यास यंत्राने इशारा दिला पाहिजे, अशी जागतिक आरोग्य संघटनेच्या तांत्रिक निकषांत अट आहे, आणि बहुतेक उत्पादक पिवळा दिवा ८५ च्या आसपास लावतात. म्हणजे ८५ ते ८८ वर हिरवा दिवा लागणे तसे नियमातच बसते, आणि दुसरा कोणी असता तर तेथेच थांबला असता. या इंजिनिअरना मात्र वेगळीच गोष्ट खटकली. आठही यंत्रे जवळजवळ सारख्याच अंशाने खाली होती. वेगवेगळ्या बनावटीची, वेगवेगळ्या तासांचा वापर झालेली यंत्रे एकत्र पडून राहिली, तर ती वेगवेगळ्या प्रमाणात बिघडतील. सगळी एकाच मापाने बिघडली असतील, तर आधी संशय मापावर घ्यावा लागतो.

त्यांनी तंत्रज्ञाला फोन केला. आवाजात दोष देण्याचा सूर नव्हता, हे मुद्दाम नमूद करण्यासारखे आहे, कारण सूर तसा असता तर समोरून उत्तर मिळाले नसते. ॲनालायझर कधी आणि कुठे जुळवून घेतला, एवढाच प्रश्न होता. उत्तर सरळ होते : सकाळी, गोव्यातल्या कार्यशाळेत, मोकळ्या हवेत २०.९ वर, म्हणजे हवेतील ऑक्सिजनच्या नेहमीच्या टक्केवारीवर.

हाताळायचे बहुतेक ऑक्सिजन ॲनालायझर एका लहान विद्युत-रासायनिक घटावर चालतात. त्या घटाला टक्केवारी कळत नाही. त्याला कळतो तो ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे हवेच्या एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा. पडद्यावर दिसणारी टक्केवारी ही जुळवणीच्या वेळचा दाब गृहीत धरून केलेला गुणाकार असते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरच्या आसपास असतो. खानापूर साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे आणि तेथे तो ७०३ च्या आसपास भरतो. गुणोत्तर सुमारे ०.९२५. घाटाखाली जुळवलेला मीटर घाटावर आणला आणि पुन्हा जुळवला नाही, तर ९३ टक्के ऑक्सिजन तो ८६ दाखवणार आणि ९४ टक्के ८७. हिरव्या दिव्याच्या यंत्रांतील संवेदक वायूतून जाणाऱ्या ध्वनिलहरींच्या वेगावर चालणारे होते आणि त्या वेगावर हवेच्या दाबाचा परिणाम होत नाही. म्हणून यंत्र एक सांगत होते आणि मीटर दुसरे.

डाल्टनचा आंशिक दाबाचा नियम अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात असतो. तो न शिकलेला इंजिनिअर सापडणार नाही. पण कोठारात उभे राहून, भंगाराच्या कागदावर सहीसाठी पेन पुढे केले जात असताना तो आठवणे, हे परीक्षेत उत्तर लिहिण्यापेक्षा निराळे काम आहे, आणि माझ्या मते या व्यवसायातील गुणवत्तेचा मोठा भाग त्या निराळेपणात आहे.

तर्क जुळला, तरी तो मोजून दाखवावा लागतो. इंजिनिअरनी स्वतःचा ॲनालायझर रुग्णालयातच, खिडकीजवळच्या हवेत २०.९ वर जुळवला आणि हिरव्या दिव्याचे पहिले यंत्र पंधरा मिनिटे चालवून मोजले. आकडा आला ९७. तंत्रज्ञाच्या आकड्यांनी वैतागलेल्या विश्वस्तांना तो ऐकून आनंद झाला; इंजिनिअरना झाला नाही. अरगॉनमुळे ९५.५ च्या वर जाता येत नाही, मग ९७ कसा? अपेक्षेपेक्षा चांगला आकडा आला की तो तसाच स्वीकारायचा मोह होतो, आणि या मोहाला बळी न पडणे हे वाईट आकड्यावर शंका घेण्याहून कठीण असते.

कारण पावसात होते. पहिला पाऊस पडून गेलेला, खोलीतली हवा जवळजवळ संपृक्त. चोवीस अंश तापमानाला अशा हवेच्या दाबात पाण्याच्या वाफेचा वाटा तीन टक्क्यांच्या घरात जातो आणि तेवढ्या प्रमाणात ऑक्सिजनचा वाटा घटतो. खोलीतल्या हवेत खरे तर २०.३ टक्केच ऑक्सिजन होता, तो २०.९ धरून मीटर जुळवल्यामुळे पुढचे सगळे आकडे तीन टक्क्यांनी फुगले. कॉन्सन्ट्रेटरमधून बाहेर येणारा वायू कोरडा असतो, म्हणून मीटरही कोरड्या वायूवर जुळवायला हवा. वॉर्डात कोरडा आणि खात्रीचा वायू एकच होता, तो म्हणजे सिलिंडरमधला वैद्यकीय ऑक्सिजन, ९९ टक्क्यांहून शुद्ध. त्यावर मीटर जुळवून घेतल्यावर तेच यंत्र ९४ वर आले. हिरव्या दिव्याची सात यंत्रे ९२ ते ९५ च्या दरम्यान भरली. आठवे थोडे खाली होते, पण त्याचे धूळ धरलेले गाळणे धुऊन वाळवल्यावर तेही ठीक झाले. तंत्रज्ञाचे आकडे ०.९२५ ने भागले, तर जवळजवळ हेच आकडे मिळत होते. त्यामुळे त्याचे मोजमाप नव्हे, तर त्यातले एक गृहीतक चुकले होते, हे कागदावर दाखवता आले.

रुग्णालयातील डॉक्टरांनी यावर एक मार्मिक शंका काढली. शरीरालाही आंशिक दाबच कळतो; मग त्या अर्थाने गोव्याचा मीटर खरेच बोलत नव्हता का? शंका भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. इंजिनिअरनी उत्तर दिले ते असे की, त्या मीटरने शुद्ध सिलिंडर मोजला असता, तर तोही ९२ दाखवला असता, आणि सिलिंडर बाद करावा असे कोणी म्हटले नसते. यंत्राचा निकष टक्केवारीत लिहिलेला आहे, म्हणून यंत्राची परीक्षा टक्केवारीतच व्हायला हवी. उंचीमुळे रुग्णाला किती लिटर द्यायचे, हा डॉक्टरांचा निर्णय आणि तो ऑक्सिमीटर पाहून होतो. डॉक्टरांच्या भाषेत बोलता येणे आणि त्यांच्या अधिकाराच्या सीमेवर थांबणे, ही दोन्ही कौशल्ये त्या एका उत्तरात होती.

उरलेली पाच यंत्रे खरोखरच बिघडलेली होती, पण एकाच रोगाने नव्हे.

त्यांतल्या तिघांचे झिओलाइट ओलाव्याने गेले होते. झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाणी अधिक प्रिय. यंत्र वापरात असताना वायू खेळता राहतो, पण तोंडे उघडी ठेवून ते दोन पावसाळे ओलसर खोलीत ठेवले, तर खनिजाच्या छिद्रांत पाणी मुरते आणि नायट्रोजनला जागा उरत नाही. रुग्णालयातील एका कर्मचाऱ्याने नळकांडी उन्हात वाळवण्याचा उपाय सुचवला. तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, तत्त्व योग्यच आहे. परंतु झिओलाइटमधले पाणी बाहेर काढायला काहीशे अंश तापमान आणि कोरडा वायू लागतो, ते वैशाखातल्या उन्हाचेही काम नाही. विश्वस्तांपैकी एकांची बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओळख होती आणि तेथील एक कारखानदार बाजारातून झिओलाइट आणून नळकांडी भरून देण्यास तयार होता. उद्यमबागेतील कारागिरांचे हात कसबी आहेत, याविषयी बेळगावच्या माणसाला शंका असण्याचे कारण नाही. तरीही इंजिनिअरनी नकार दिला. दाणे ठरावीक ताणाने दाबून बसवलेले नसले, तर दाबाच्या प्रत्येक फेऱ्यात ते एकमेकांवर घासतात, त्यांची धूळ झडपांत आणि पुढे रुग्णाच्या नळीकडे जाऊ शकते, आणि अशा दुरुस्तीची जबाबदारी कोणीच घेत नाही. उत्पादकाकडून तयार नळकांडी मागवायची किंवा यंत्र सोडून द्यायचे, एवढेच पर्याय त्यांनी लेखी दिले.

राहिली दोन यंत्रे. या दोघांवरून खरा वाद झाला.

ती अमेरिकेत स्थायिक झालेल्या गावकऱ्यांनी पाठवलेली होती, म्हणून विश्वस्तांना त्यांच्याविषयी विशेष ममत्व. त्यांच्यावरच्या पाटीवर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ असे लिहिले होते आणि सोबत व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर जोडलेला होता. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता बदलत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कॉम्प्रेसरची मोटर एक षष्ठांशाने मंद फिरते, हवा कमी दाबली जाते आणि पाच लिटरच्या वेगाला ऑक्सिजन ८० च्या खाली येतो. दोन लिटरवर मात्र तीच यंत्रे ९० च्या वर जात होती. डॉक्टरांचे म्हणणे पडले की, दोन लिटरची मर्यादा लिहून ती ठेवावीत, पावसाळ्यात कामाला येतील. इंजिनिअरनी विरोध केला आणि दोन कारणे दिली. पहिले, रात्री दोन वाजता रुग्णाचा श्वास वर लागला की नातेवाईक असो वा नवखा कर्मचारी, तो बटण पाचवर नेणारच; चिठ्ठी त्या वेळी कोणी वाचत नाही. दुसरे कारण न दिसणारे, पण अधिक गंभीर होते. ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर ५० हर्ट्झवर पूर्ण व्होल्टेजने चालवली, तर तिच्या गाभ्यातील चुंबकीय भार वाढतो, ती जास्त विद्युतप्रवाह ओढते आणि तापते. बंद डब्यात तापणारी मोटर आणि शेजारी नव्वद टक्के ऑक्सिजन, हा जोड वॉर्डात नको. मला स्वतःला हे दुसरे कारण निर्णायक वाटते, जरी बैठकीत सर्वांना पटले ते पहिले.

वयोवृद्ध अध्यक्षांनी शेवटी विचारले, “पोरी, पाठवणाऱ्यांना काय सांगू मी?” त्यावर इंजिनिअरनी त्यांच्यासाठी एक पानाचे मराठी पत्र लिहून दिले, ज्यात यंत्रे वाईट नसून ती दुसऱ्या देशाच्या विजेसाठी आहेत, हे आकडेमोड न करता सांगितले होते. हे त्यांच्या कराराचे काम नव्हते. पण ते पत्र नसते, तर ती दोन यंत्रे कोणीतरी कधीतरी पुन्हा वॉर्डात आणली असती.

लिखाणाचा विषय निघालाच आहे, तर अहवालाविषयीही सांगितले पाहिजे. एकाच तपासणीचे तीन अहवाल झाले. विश्वस्तांसाठी मराठीत, उत्पादकांसाठी इंग्रजीत, आणि तालुक्याच्या आरोग्य कार्यालयाला द्यायची माहिती कन्नडमध्ये, एका सहकाऱ्याकडून भाषा तपासून घेऊन. सीमाभागात याचे कोणाला नवल वाटत नाही, पण तिन्ही कागदांत यंत्राचा अनुक्रमांक, मीटरचा प्रकार, जुळवणीचा वायू, खोलीचे तापमान आणि मोजणीवेळचा ऑक्सिजनच्या प्रवाहाचा वेग हे तपशील अक्षरशः सारखे ठेवणे, ही मेहनत असते. तंत्रज्ञाच्या अहवालात आकडे होते, पण ते कोणत्या परिस्थितीत घेतले याची एकही ओळ नव्हती. ती असती, तर फोन न करताही चूक सापडली असती. अभियांत्रिकी महाविद्यालयांत संवेदक, प्रवर्धक, शरीरक्रिया हे सारे शिकवले जाते. मोजमापाची नोंद कशी लिहावी, याला मात्र प्रयोगवहीपलीकडे स्थान नसते आणि प्रयोगवही बहुधा मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेली असते.

व्यवस्थेत झालेले बदल साधे होते. यंत्रे तळमजल्याच्या खोलीतून वरच्या कोरड्या खोलीत हलवली गेली, त्यांच्या तोंडांना टोपणे बसली, आणि प्रत्येक यंत्र ठरलेल्या दिवशी काही वेळ चालवून दिव्याचा रंग वहीत लिहिण्याचे काम सिस्टरांनी स्वतःकडे घेतले. गाळणी धुण्याच्या सूचना मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत यंत्रावर चिकटवल्या. आडगावी व्होल्टेज खाली गेले, तरी मोटर मंदावून ऑक्सिजन उतरतो, म्हणून प्रत्येक जोडणीला स्टॅबिलायझर लावावा, अशी शिफारस होती. खर्चामुळे ती निम्मीच अमलात आली. गोव्याच्या तंत्रज्ञाने आपल्या अहवालाच्या नमुन्यात जुळवणीचे ठिकाण आणि वायू यांसाठी एक रकाना वाढवला.

झिओलाइट गेलेल्या तीन यंत्रांपैकी दोघांसाठी उत्पादकाकडून सुटे भाग मिळाले. तिसऱ्याचे उत्पादन बंद झाले होते. ते यंत्र आणि ६० हर्ट्झची दोन अशी तीन यंत्रे लाल चिठ्ठी लावून वेगळी ठेवली आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वैद्यकीय उपकरणेही येतात, त्यामुळे ती गावच्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच पोचवावी लागतील आणि तीनच यंत्रांसाठी गाडी पाठवायला कोणी उत्सुक नसतो. परिसरातील इतर रुग्णालयांतील जुनी यंत्रे एकत्र करून एकच खेप करण्याचा प्रयत्न चालू आहे. रुग्णालयाने स्वतःचा एक ॲनालायझर घेतला आहे. त्यातला विद्युत-रासायनिक घट वापरला नाही, तरी हवेतल्या ऑक्सिजनने झिजत राहतो आणि दोन-तीन वर्षांत बदलावा लागतो, म्हणून त्या घटाची किंमत पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत मांडून घेण्यात आली आहे.